विशारद झाल्या, पुढे काय? सांगलीतल्या एका कथक वर्गाचं वर्ष

पार्श्वभूमी

हे प्रकरण सांगलीतल्या विश्रामबाग भागातल्या एका कथक वर्गाचं आहे. बंगल्याचा वरचा मजला, एका भिंतीला आरसे, कोपऱ्यात सतरंजीवर माझा तबला. वर्ग चालवणाऱ्या ताई पुण्यात गुरूंकडे शिकल्या आणि लग्नानंतर इकडे आल्या. मी तिथे साथीला बसतो आणि आठवड्यातून एकदा मोठ्या मुलींचा तालाचा तास घेतो. नावं दिलेली नाहीत, काही तपशील बदलले आहेत. ज्या चौघांबद्दल लिहिलंय त्यांनी मजकूर वाचून होकार दिला आहे. ओळखायला सोपं जावं म्हणून त्यांना गावावरूनच हाक मारतो: तासगावची, मिरजेची, हरिपूरची आणि जतचा.

आमच्याकडच्या बहुतेक वर्गांसारखीच या वर्गाची घडणही परीक्षेभोवती झाली. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. 1931 मध्ये मिरजेत त्यांचं निधन झालं आणि त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं. त्या मंडळाच्या परीक्षांना सांगली-मिरजेत घरच्या कार्याइतका मान. प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात पायऱ्या, त्यानंतर अलंकार. शिवाय शास्त्रीय नृत्याच्या परीक्षा दिल्या की दहावीला वाढीव गुण मिळतात. त्यामुळे दहावीपर्यंत वर्गात पाय ठेवायला जागा नसते आणि निकाल लागला की निम्मे घुंगरू माळ्यावर जातात. जी मुलं त्यानंतरही टिकतात ती खरंच नाचासाठी टिकलेली असतात. ही चौघं त्यांतलीच. चौघंही विशारद पूर्ण, वय एकवीस ते चोवीस.

ठिणगी पडली मिरजेच्या मुलीमुळे. परगावच्या एका नृत्यसंस्थेत ती निवडीसाठी गेली होती. तिने झपतालातला एक तोडा आणि एक परण (तबला-पखवाजाच्या बोलांवर बांधलेल्या नाचाच्या छोट्या रचना) चोख केली. समोरच्या बाई म्हणाल्या, "सुरेख. हे कुणाचं?" ही म्हणाली, "आमच्या ताईंचं." "आता तुमचं दाखवा, दोन मिनिटं, काहीही." ती उभीच राहिली. परत आल्यावर ताईंना तिने एवढंच विचारलं, "ताई, माझं म्हणजे नक्की काय करायचं होतं?"

अडचण कुठे होती

पहिला सूर असा निघाला की मुलांकडे कल्पनाशक्तीच नाही, मोबाइलमुळे सगळं संपलं वगैरे. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. तालाच्या तासाला हीच मुलं स्वतः तिहाया (तीनदा म्हणून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, संपणारे तुकडे) बांधत होती. रूपकच्या सात मात्रा, समेवर यायचं म्हणजे आठवी मात्रा गाठायची. मग दोन मात्रांचा तुकडा, एक मात्रा दम, पुन्हा दोन, पुन्हा एक, पुन्हा दोन. ही मांडणी त्यांची त्यांनीच शोधली होती. दहा मात्रांच्या झपतालात तीन-एक-तीन-एक-तीन. कुणी मधला दम अर्ध्या मात्रेचा करून बघायचं, फसायचं, हसायचं, पुन्हा करायचं. म्हणजे बांधणी करायची बुद्धी होतीच. पायापुरती ती चालत होती. "मला काय दाखवायचंय" इथे आली की थबकत होती.

याची कारणं बघितली तर पहिलं कारण आपल्या शिक्षणाच्या गुणातूनच आलेलं. थाट, आमद, तोडे-तुकडे, परण, गतनिकास, गतभाव, ततकार (पायांचे बोल) असा कथकच्या सादरीकरणाचा क्रम ठरलेला असतो. सुरुवात कशी करायची आणि कुठे थांबायचं हा प्रश्न विद्यार्थ्याला आठ-नऊ वर्षांत एकदाही पडत नाही. दुसरं कारण आरसा. सगळा नाच समोरच्या भिंतीकडे. रंगमंचाला डावा कोपरा असतो, मागची बाजू असते, प्रेक्षकांकडे पाठ करूनही उभं राहता येतं, हे कुणी सांगितलेलंच नाही. तिसरं कारण गॅदरिंग. आमच्या भागात 'नृत्य बसवणं' म्हणजे गाणं निवडणं आणि शब्दाला शब्द हातवारे लावणं. पाऊस म्हटलं की बोटं खाली, चंद्र म्हटलं की हात वर. डिसेंबर-जानेवारीत ही मुलं शाळाशाळांतून हेच करून चार पैसे मिळवत होती, त्यामुळे त्यांना वाटायचं रचना आपल्याला येतेच.

आणि चौथं कारण ताई. हे त्यांच्या परवानगीनेच लिहितोय. वर्गातल्या प्रत्येक मनगटावर त्यांची नजर. मूल चुकायच्या आत त्यांचा हात पोचतो. परीक्षेसाठी यासारखा गुरू नाही. पण ज्याला कधी चुकूच दिलं नाही त्याला निवड करायची सवय लागत नाही.

समोरचे पर्याय

चार पर्यायांवर बोलणं झालं.

मुलांना बाहेर पाठवायचं, हा सर्वांत सरळ. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नृत्यातली पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण मिळतं, तिथे रचनेचंही काम होतं. पण सांगलीहून पुणं सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे, म्हणजे राहणं-खाणं आलं. मिरजेच्या घरी ते झेपणार होतं. जतच्या घरी मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन, तिथे प्रश्नच नव्हता.

बाहेरून कुणाला तरी बोलावून चार दिवसांची कार्यशाळा घ्यायची, हा दुसरा. यापूर्वी दोनदा झाली होती. प्रत्येक वेळी मुलं पाहुण्यांचं नृत्य शिकली, व्हिडिओ काढले आणि पुढच्या गॅदरिंगला तेच बसवलं.

तिसरा पर्याय ताईंचा आवडता: गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमात शेवटची समूहरचना मुलांनी 'सुचवावी' आणि ताईंनी 'नीट करावी'. यात कार्यक्रमाची अब्रू राखली जाते. पण नीट करण्याच्या नादात मुलांचं किती उरेल हे सगळ्यांना ठाऊक होतं.

चौथा, एक पूर्ण वर्ष फक्त यासाठी द्यायचं आणि शेवटी वेगळा, छोटा प्रयोग करायचा.

ताईंचा आक्षेप हलका नव्हता. त्यांचं म्हणणं, कुमुदिनी लाखियांनी एकल कथकला समूहात आणलं, देवादिकांच्या कथांबाहेर नेलं, रोहिणी भाट्यांनी पुण्यात नृत्यभारती उभी करून स्वतःच्या रचना केल्या. पण दोघींच्या मागे आधीची जबर तालीम होती. "या मुलींनी अजून नीट ठुमरी केलेली नाही आणि मोडतोड करायला निघाल्यात." मी उदय शंकरांचं उदाहरण दिलं. जन्म 1900चा आणि 1923 साली लंडनमध्ये अ‍ॅना पावलोव्हाबरोबर स्वतः रचलेली नृत्यं करत होते, तीही शास्त्रीय तालीम घेतलेली नसताना. ताई म्हणाल्या, "ते उदय शंकर होते." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

गाडी पुढे गेली ती हरिपूरच्या मुलीच्या एका वाक्यावर. ती म्हणाली, "ताई, वाईट झालं तर आमचं वाईट होऊ दे ना. तुमचं चांगलं आम्ही परत करूच."

निर्णय आणि अटी

चौथा पर्याय ठरला, पण तोंडी नाही. वहीच्या पानावर अटी लिहून सगळ्यांनी सह्या केल्या, आणि वर्षभरात वाद झाले तेव्हा ते पानच कामाला आलं.

दर पंधरवड्याला शनिवारी संध्याकाळी ज्याने त्याने केलेलं दाखवायचं, अर्धवट असलं तरी. बघणाऱ्यांनी आधी फक्त काय दिसलं ते सांगायचं. आवडलं की नाही हे शेवटी, आणि तेही करणाऱ्याने विचारलं तर. ताईंनी उठून हात लावायचा नाही. रेकॉर्ड केलेलं गाणं वापरायचं नाही. लेहरा (तालाभर फिरत राहणारी धून), बोल, शांतता, आवाज, जे लागेल ते आपण करायचं. आणि विषय असा घ्यायचा की जो चालत किंवा एसटीने जाऊन डोळ्यांनी बघता येईल. ही शेवटची अट माझी. राधा-कृष्णाला विरोध म्हणून ती घातली नव्हती. त्या विषयावर मुलांच्या हाताला उसने हावभाव इतके सवयीचे होते की नवीन काही सुचायला फटच उरली नव्हती.

प्रयोग फेब्रुवारीअखेर करायचा ठरलं. भावे नाट्यमंदिर घ्यायचं का, यावर बराच खल झाला. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली ज्या गावात मराठी नाटक उभं केलं तिथल्या नाट्यमंदिरात पहिली रचना करायची, हा मोह साहजिक होता. पण एवढ्या मोठ्या रंगमंचावर सहा मिनिटांची एकल रचना हरवून जाते, आणि रिकाम्या खुर्च्या बघून मुलं खचतात. शेवटी एका शाळेचं सभागृह घेतलं, दीडेकशे खुर्च्यांचं.

मांडवाखाली

चौघांपैकी तासगावच्या मुलीचं काम मी जवळून पाहिलं, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर.

घरची द्राक्षबाग, त्यामुळे विषय तिने चटकन सांगितला. पहिल्या शनिवारी जे दाखवलं ते गॅदरिंगच होतं: वेल वाढते, पानं फुटतात, घड लागतात, शेतकरी आनंदतो. मिरजेची म्हणाली, "मला शाळेतला फलक दिसला." तासगावची रडकुंडीला आली, पण ते खरंच होतं.

तिला सांगितलं की बागेत जा, काही सुचवून घेऊ नकोस, नुसतं बघ. ऑक्टोबरची छाटणी होऊन घड धरले की विरळणीचं काम येतं. घडातले जास्तीचे मणी कात्रीने काढायचे, म्हणजे उरलेले फुगतात. बायकांच्या टोळ्या हे काम करतात. ही जन्मापासून त्या बागेत वाढलेली, पण टोळीबरोबर दिवसभर कधी उभी राहिली नव्हती. गेली, दोन दिवसांनी आली ती मान धरून. वेलींचा मांडव डोक्याच्या वर. सकाळपासून हात वर, मान मागे, कात्रीची टकटक. मध्येच हिने हात खाली घेतले तर शेजारची बाई म्हणाली, "हात खाली आणलास तर घड कोण बघंल? जीव गेला तरी हात वरच ठिवायचा."

वर्गात तिने सहज एक तुकडा केला आणि समेवर थांबली. हात छातीपाशी, जिथे कथकमध्ये ते येतातच. तशीच उभी राहून ती हाताकडे बघत राहिली. "सर, आपले हात प्रत्येक वेळी घरी येतात. त्यांचे दिवसभर येत नाहीत."

तिथून रचना सुरू झाली. तिने स्वतःला एक नियम घातला: सबंध रचनेत हात खांद्याखाली आणायचे नाहीत. तोडे तेच, परण तीच, ततकार तोच, फक्त हात वर. करून बघा, तिसऱ्या मिनिटाला दंड भरून येतात, चौथ्याला थरथर सुरू होते. चक्कर घेताना तोल जातो, कारण चक्कराचा अर्धा तोल हातांवर असतो. रोजच्या पाठातल्या गोष्टी तिला पुन्हा शिकाव्या लागल्या. पायातला लखलखाट कमी झाला आणि वजन आलं. लेहऱ्याऐवजी तिला कात्री हवी होती. मी तबल्याच्या चाटेवर (काठावर) तो आवाज काढायचा प्रयत्न केला. तिने खरीच कात्री आणून ठेवली आणि हरिपूरच्या मुलीच्या हातात दिली. सोळा मात्रांत पाच कात्र्या, विषम अंतराने. मला मोजायला घाम फुटला.

आता निर्णयाची जागा. एका शनिवारी ताई उठल्या. थरथर त्यांना बघवेना. "बाळा, लोकांना वाटेल तयारी कच्ची आहे," म्हणून त्यांनी तिसऱ्या आवर्तनाच्या समेवर हात खाली घेण्याची एक जागा बसवून दिली, मनगट नीट केलं, मानेला एक नजाकत दिली. पुढच्या खेपेला रचना देखणी झाली होती आणि बाग निघून गेली होती. कुणी काही बोललं नाही. शेवटी जतचाच म्हणाला, "ताई, अटीचं पान आणू का?" ताई हसल्या, पण मला वाटतं त्यांना लागलंही. त्या दिवसापासून दाखवण्याच्या वेळी त्या मांडीवर वही घेऊन बसू लागल्या, म्हणजे हात गुंतलेले राहतील.

थरथर लपवायची की ठेवायची हे तासगावच्या मुलीवर सोडलं. तिने ठेवली. रचना अकरा मिनिटांची होती, ती साडेसहावर आणली. कापाकापी तिनेच केली, आणि सगळ्यात आधी गेली ती तिची लाडकी परण.

बाकीचे तिघं

हरिपूरच्या मुलीसारखी तयारी चौघांत कुणाची नाही. तिने घेतली हळदीची पेवं. हरिपूरला जमिनीखाली अरुंद तोंडाची, मोठ्या पोटाची पेवं आहेत, त्यात हळद साठवायची रीत जुनी. बंद पेव उघडलं की लगेच कुणी उतरत नाही, हवा खेळू देतात, कारण आतल्या कोंदट हवेने माणूस दगावू शकतो. विषय काय ताकदीचा! पण तिचा प्रत्येक मसुदा शेवटी सत्तावीस चक्करांवर जाऊन संपायचा. जानेवारीत ती स्वतःच म्हणाली, "मला दुसऱ्याचं नीट करून द्यायला आवडतं. माझं असं काही सुचत नाही, आणि त्याचं फारसं वाईटही वाटत नाही."

इथे दोन मतं पडली. ताईंना वाटलं नेट लावावा, एवढी गुणी मुलगी मागे राहायला नको. मला वाटलं, रचना न करणं हाही तिने विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे. नृत्याच्या व्यवसायात तालीम घेणाऱ्या, दुसऱ्याची रचना शरीरात जपून ठेवणाऱ्या आणि नव्या मुलींच्या अंगात उतरवणाऱ्या माणसाची गरज असते. आपल्याकडे त्या कामाला नाव नाही म्हणून ते हलकं ठरतं. शेवटी उरलेल्या तिन्ही रचनांची तालीम तिच्याकडे दिली आणि कार्यक्रमपत्रिकेवर तसं तिचं नाव छापलं.

जतचा धनगर कुटुंबातला. गजनृत्य त्याने लहानपणापासून केलेलं: मोठे ढोल, हातात रुमाल, गोलातली डुलती चाल. त्याला ती चाल कथकच्या ततकारावर ठेवून बघायची होती. त्याने आधी गावातल्या गजाच्या जाणत्यांना विचारलं, आणि ते बरं झालं. त्यांचं म्हणणं असं की चाल घे, ढोल घे, पण बिरोबाची ओवी घुंगरू बांधून रंगमंचावर नको. ती अट त्याने पाळली. ओवीच्या जागी त्याने नुसता श्वास ठेवला, ढोलही थांबायचा. ती जागा रचनेतली सगळ्यात चांगली ठरली.

मिरजेच्या मुलीने सतारमेकरांच्या गल्लीत बसून जवारी लावण्यावर (सतारीची घोडी घासून नाद जुळवण्यावर) काहीतरी केलं. खरं सांगायचं तर ते जमलं नाही. ऐकण्याची गोष्ट दिसती कशी करायची हे तिला शेवटपर्यंत सापडलं नाही. मात्र तिने रोज टिपणं ठेवली: काय केलं, का टाकलं, कुठे अडलं.

पैशाची बाजू

ही बाजू आम्ही डिसेंबरपर्यंत उघडलीच नव्हती. ती उघडली गॅदरिंगच्या हंगामाने. विरळणी आणि गॅदरिंग एकाच वेळी येतात, आणि जतच्या मुलाने सलग दोन शनिवार दांडी मारली. त्याचा वर्षाचा खर्च त्या महिना-दीड महिन्यात निघतो. त्याला "आधी कला" म्हणणं सोपं होतं. मोटरसायकलचा हप्ता कुणी भरायचा?

त्याच सुमाराला त्याला कळलं की आदल्या वर्षी त्याने एका शाळेत बसवलेलं समूहनृत्य यंदा त्याच शाळेने मोबाइलवरच्या व्हिडिओवरून जसंच्या तसं बसवलं आहे, नाव दुसऱ्याचं. तो चिडला, मग म्हणाला, "नाचाला कुठं सातबारा असतो?"

सातबारा नसतो, पण कायदा आहे. 1957च्या कॉपीराइट कायद्यात नाट्यकृतीच्या व्याख्येतच नृत्यरचना येते. अट एवढीच की ती लिहून किंवा अन्य प्रकारे कायम केलेली असावी. संरक्षण रचनाकाराच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षं. कलम 57 प्रमाणे हक्क विकले तरी रचनाकार म्हणून नाव सांगण्याचा अधिकार राहतो. अर्थात पारंपरिक तोडा किंवा गजाची चाल कुणा एकाची होत नाही. आपण केलेली मांडणी आपली. हे वकील मित्राकडून समजून घेतल्यावर एक पानाचा कागद तयार झाला. गाणी किती, तालमी किती, निम्मे पैसे आगाऊ, व्हिडिओ कुठे टाकणार, पुढच्या वर्षी पुन्हा करायचं तर काय, सूत्रसंचालनात नाव घेणार का. जतच्या मुलाने जुन्या शाळेला पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. नव्या शाळांपैकी एकीने कागद बघून "एवढं कशाला, घरचंच आहे" म्हणून काम दुसऱ्याला दिलं. दोन शाळांनी मुकाट सही केली आणि आगाऊ पैसेही दिले.

आमच्या आपसांतही कागद केला. कात्रीचा ठेका बसवण्यात माझा वाटा, रचना तिची. ती परगावी करेल तेव्हा माझं नाव घेईल आणि मी नसलो तर रेकॉर्डिंग वापरेल. गुरू-शिष्यांत असले कागद शोभत नाहीत असं एका पालकांचं मत पडलं. मला ते कागद मागाहूनच्या रुसव्याफुगव्यांपेक्षा बरे वाटतात.

तिकिटावरही वाद झाला. आमच्याकडे शास्त्रीय नृत्य फुकट बघायची सवय. कलाकाराला शाल-श्रीफळ, प्रेक्षकाला चहा. आम्ही शंभर रुपये लावले. पालक कुरकुरले. सभागृह दोन-तृतीयांश भरलं.

प्रयोग आणि नंतर

प्रयोगाला विरळणीच्या टोळीतल्या काही बाया टेम्पोने आल्या होत्या, त्यांना अर्थातच पास. प्रयोगानंतर खुर्च्या वळवून अर्धा तास गप्पा ठेवल्या. शहरातल्या मंडळींनी "अप्रतिम", "नवीन प्रयोग" म्हटलं. टोळीतल्या मुकादमीण बाई म्हणाल्या, "हात दावलास, मान कुठं दावलीस गं? हातापरीस मान दुखती आमची." त्या संध्याकाळचं सगळ्यात उपयोगी मत ते. कथकमध्ये मानेला जे सौंदर्य दिलेलं आहे ते तासगावच्या मुलीने न कळत तसंच ठेवलं होतं. दुसऱ्या प्रयोगाआधी तिने सुरुवातीची दोन मिनिटं बदलली. आता मान मागे टाकलेलीच असते आणि प्रेक्षकाला चेहरा जवळजवळ दिसत नाही. ताईंना हे अजून पसंत नाही.

दीड वर्षानंतरची स्थिती अशी. मिरजेच्या मुलीला पुण्यात एम.ए.ला प्रवेश मिळाला. मुलाखतीत रचनेपेक्षा तिच्या टिपणवहीवर जास्त बोलणं झालं. ज्या मुलीची रचना सगळ्यात कमी जमली तीच पहिली बाहेर पडली, हे ताईंना गमतीशीर वाटतं. मला त्यात नवल वाटत नाही: काय फसलं ते नेमकं सांगता येणारी माणसं शिक्षणसंस्थांना हवीच असतात.

तासगावच्या मुलीने केंद्र सरकारच्या तरुण कलाकार शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला. अठरा ते पंचवीस वयोगटाला दोन वर्षं महिना 5,000 रुपये मिळतात. मुलाखतीपर्यंत गेली, निवड झाली नाही. तिथे पारंपरिक तालीम बघितली जाते, आणि वर्षभर हात वर ठेवून नाचल्यामुळे तिची नेहमीची बैठक थोडी विस्कटली होती. त्यात ताईंचा आक्षेप अंशतः खरा ठरला, हे नोंदवायला हवं. रचना मात्र तिने आणखी तीन ठिकाणी केली, दोनदा मानधन घेऊन.

हरिपूरची आता वर्गातल्या मधल्या तुकड्या सांभाळते आणि कोल्हापूरच्या एका गटाची तालीम घ्यायला जाते. नियमित मिळकत चौघांत तिचीच. जतचा गॅदरिंग करतोच, पण कागदावर. गजावरची रचना त्याने गावच्या जत्रेत करून दाखवली, तिथे जाणत्यांनी एका चालीवर त्याला सगळ्यांसमोर सुनावलं आणि मग जेवायला बसवलं.

वेगळं काय करता आलं असतं

पैशाचं बोलणं जूनमध्येच व्हायला हवं होतं. डिसेंबरात ते आलं तेव्हा मुलाला दोन्हीकडून ओढ बसत होती. गॅदरिंगचा हंगाम गृहीत धरून पंधरवड्याचं वेळापत्रक आखलं असतं, किंवा त्या दोन महिन्यांत एकेका शाळेतलं एक गाणं प्रयोग म्हणून स्वतःच्या पद्धतीने बसवायला सांगितलं असतं, तर पोटाचं आणि रचनेचं काम एकमेकांच्या आड आलं नसतं. दुसऱ्या तुकडीला आम्ही हेच सांगितलंय: चार गाणी लोकांची, एक तुझं.

रोजची तालीम आणि रचना वेगवेगळ्या वेळी ठेवायला हवी होती. सकाळी ताईंचा तास, त्यात ताईंचाच शब्द चालेल, मनगटासकट. संध्याकाळी रचना, तिथे ताई प्रेक्षक. हे सुरुवातीपासून असतं तर बैठक विस्कटली नसती आणि ताईंनाही वर्षभर वही धरून बसावं लागलं नसतं.

मिरजेच्या मुलीला विषय बदलायची मुभा नोव्हेंबरात द्यायला हवी होती का, यावर आमचं एकमत नाही. ताई म्हणतात हो. ती स्वतः म्हणते नाही.

टोळीतल्या बायांना शेवटच्या प्रयोगाला बोलावण्याऐवजी मधल्या एखाद्या शनिवारी बोलवायला हवं होतं. मानेची गोष्ट तीन महिने आधी कळली असती. त्यांच्या रोजंदारीचा तो दिवस बुडतो, तेव्हा तेवढे पैसे आमच्या खर्चात धरायला हवेत. यंदाच्या हिशेबात ती ओळ घातली आहे.